विषाच्या बाटल्या आणि ताबेर्नासचं ऊन

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यातला आल्मेरिया हा एकेकाळी त्या देशातल्या सगळ्यांत गरीब प्रांतांपैकी एक होता. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास, जमीन दगडगोट्यांची, वारा समुद्रावरचा खारट. तिथे एक गोष्ट मात्र चांगली यायची, ती म्हणजे जाड सालीची द्राक्षं. ती लाकडी पिंपात बुचाच्या भुशात रचून जहाजाने उत्तर युरोपात जात. वेल चढवायला लाकडी खांब आणि तारांचे मांडव घातलेले असत. नाशिक किंवा तासगावच्या बागायतदाराने ते पाहिले असते, तर त्याला काही वेगळं वाटलं नसतं. १९६३ साली काम्पो दे दालियास या किनाऱ्यालगतच्या सपाट पट्ट्यात अशाच मांडवाच्या तारांवर प्लास्टिकचा कागद अंथरून पहिलं हरितगृह उभं राहिलं. जमिनीवर शेणखताचा थर आणि त्यावर वाळू पसरण्याची युक्ती तिथल्या शेतकऱ्यांनी आधीच अंगवळणी पाडलेली होती. वरून कागद, खालून वाळू आणि मधे भूजलाचं पाणी, एवढ्या भांडवलावर भर हिवाळ्यात टोमॅटो आणि ढोबळी मिरची पिकू लागली.

आज हा पांढरा पसारा तीस हजार हेक्टरांच्या वर गेला आहे आणि उपग्रहाच्या छायाचित्रात तो सहज ओळखू येतो.

कागदाखालची ऊब पिकाला मानवते, तशीच पांढऱ्या माशीला, फुलकिड्यांना आणि बुरशीलाही मानवते. त्यामुळे औषधं आली, औषधांबरोबर बाटल्या आल्या. नव्वदच्या दशकात आल्मेरियात दर हंगामाला लाखो रिकाम्या बाटल्या निघत. त्यांतल्या पुष्कळशा कोरड्या ओढ्यांमध्ये फेकल्या जात, काही जाळल्या जात. प्रत्येक बाटलीच्या तळाशी थोडं औषध उरायचंच. प्लास्टिक पुन्हा वापरायचं तर बाटल्यांचे तुकडे करून धुवावे लागणार, आणि धुतल्यावर जे पाणी उरणार त्यात कीटकनाशकं, बुरशीनाशकं, तणनाशकं अशी कित्येक रसायनं एकत्र असणार. असं पाणी नेहमीच्या सांडपाणी केंद्रात सोडता येत नाही, कारण तिथलं सगळं काम जिवाणू करतात आणि हे पाणी त्या जिवाणूंनाच मारतं. मग या पाण्याचं करायचं काय?

उत्तर तिथून तासाभरापेक्षाही कमी अंतरावर, ताबेर्नासच्या वाळवंटात तयार होत होतं. त्याची सुरुवात मात्र फार आधीची होती, आणि तीही रंगकामातल्या एका तक्रारीतून झालेली.

टायटॅनियम डायॉक्साइड हे जगातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं पांढरं रंगद्रव्य. भिंतीचा रंग, कागद, टूथपेस्ट, सगळीकडे तेच. ते ज्या खनिजातून काढतात त्या इल्मेनाइटची काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. १९१६च्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत या रंगद्रव्याचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत रंगारी कुरकुरू लागले. उन्हातल्या भिंतीवरचा हा रंग काही काळाने खडूसारखा भुकटी होऊन हाताला लागायचा. रंगद्रव्य शाबूत असायचं, त्याला धरून ठेवणारं तेल मात्र नाहीसं झालेलं असायचं. कार्ल रेन्झ यांनी १९२१ साली ग्लिसरीनसारख्या सेंद्रिय द्रव्याच्या सहवासात टायटॅनियम डायॉक्साइड उन्हात ठेवलं तर ते काळवंडतं, असं नोंदवलं. १९३८मध्ये गुडीव्ह आणि किचनर यांनी हीच भुकटी उजेडात रंगांचा रंग घालवते, हे मोजून दाखवलं. पण तेव्हाच्या उद्योगाच्या दृष्टीने हा शोध नव्हता, दोष होता. रंगाच्या कंपन्यांनी पुढची कित्येक वर्षं या कणांवर सिलिका आणि ॲल्युमिनाचे थर चढवून त्यांचा हा खोडकरपणा बंद करण्यात घालवली. त्याच खोडकरपणाला पुढे मोल आलं.

टोकियो विद्यापीठात १९६७ साली आकिरा फुजिशिमा हे केनिची होंडा यांच्याकडे संशोधन करणारे विद्यार्थी होते. पाण्यात टायटॅनियम डायॉक्साइडचा स्फटिक आणि प्लॅटिनमची पट्टी ठेवून, दोन्ही तारेने जोडून, त्यांनी स्फटिकावर उजेड टाकला तेव्हा दोन्हीकडून बुडबुडे येऊ लागले. एकीकडे ऑक्सिजन, दुसरीकडे हायड्रोजन. वीज न देता पाणी फुटत होतं आणि स्फटिक झिजत नव्हता. हे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये १९७२ साली छापले गेले. पुढच्याच वर्षी तेलाचा जागतिक भडका उडाला आणि पाण्यापासून इंधन मिळवण्याच्या कल्पनेने जपानी वर्तमानपत्रांचीही पहिली पानं गाठली. प्रत्यक्षात मिळणारा हायड्रोजन इतका थोडा होता की त्यावर गाड्या काही चालल्या नाहीत.

इंधनाचं स्वप्न मागे पडत असताना दुसऱ्या काही लोकांनी प्रश्नच उलटा करून विचारला. पाणी फोडता येत असेल, तर पाण्यातली घाण का फोडता येऊ नये? १९७६ साली कॅनडात जॉन कॅरी आणि सहकाऱ्यांनी पाण्यातल्या पीसीबी या चिवट क्लोरीनयुक्त रसायनांवर हा प्रयोग केला. १९७७मध्ये टेक्सासात स्टीव्हन फ्रँक आणि ॲलन बार्ड यांनी सायनाइडयुक्त पाण्यावर केला. १९८३च्या सुमारास डेव्हिड ऑलिस यांच्या गटाने क्लोरोफॉर्म, ट्रायक्लोरोएथिलिन अशी नावं त्या यादीत घातली. आता महागडा स्फटिक लागत नव्हता, प्लॅटिनमही लागत नव्हतं. जर्मनीतल्या डेगुसा कंपनीची पी-२५ नावाची बारीक भुकटी पाण्यात ढवळली आणि वर अतिनील किरण पडले, की काम होत होतं.

कणावर पुरेशा ऊर्जेचा किरण पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या पातळीवर जातो. मागे उरलेली रिकामी जागा इतकी हावरट असते की ती पृष्ठभागावरच्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. या रॅडिकलचं आयुष्य सेकंदाच्या अब्जांशांत मोजावं लागतं, पण तेवढ्या वेळात समोर जो कुठला सेंद्रिय रेणू येईल त्याचा ते लचका तोडतं. लचके तुटत गेले तर शेवटी कार्बन डायॉक्साइड, पाणी, क्लोराइड, नायट्रेट, फॉस्फेट एवढंच उरतं. या रसायनाला आवडनिवड नाही, आणि हेच त्याचं बळ आहे. कित्येक औषधांचं मिश्रण असलं तरी प्रत्येकासाठी वेगळा उपाय शोधावा लागत नाही.

‘लचके तुटत गेले तर’ हे मात्र गृहीत धरता येत नाही. मॅलॅथिऑन किंवा पॅराथिऑनसारख्या औषधातला गंधक निघून त्या जागी ऑक्सिजन बसला की जो पदार्थ तयार होतो तो मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतो. म्हणजे तपासणीत मूळ औषध सापडलं नाही म्हणून पाणी शुद्ध झालं असं नाही, ते उलट काही काळ अधिक वाईट झालेलं असू शकतं. इटलीतल्या तुरीनच्या एझिओ पेलिझेट्टी यांच्या गटाने १९९०च्या सुमारास ॲट्राझिन या मक्यावरच्या तणनाशकाचा मागोवा घेतला, तेव्हा त्याच्या सगळ्या फांद्या छाटल्या गेल्या, पण मधलं नायट्रोजनचं कडं काही केल्या तुटेना. शेवटी सायन्युरिक आम्ल उरलं. सुदैवाने ते फारसं विषारी नाही. पण तेव्हापासून या क्षेत्रात औषध किती गेलं याच्या जोडीने पाण्यात एकूण कार्बन किती उरला, हे मोजण्याची शिस्त लागली. बाजारात आजही नुसत्या ‘९९ टक्के नाश’ अशा जाहिराती दिसतात. त्या करणाऱ्यांना या शिस्तीची मुद्दाम आठवण करून द्यायला हवी.

प्रयोगशाळेतला दिवा विजेवर चालतो आणि वीज महाग असते. म्हणून नजर सूर्याकडे वळली, आणि इथे ताबेर्नास पुन्हा गोष्टीत येतं. साठच्या दशकात हॉलिवूडसारखे काउबॉयपट स्वस्तात काढायला इटलीचे दिग्दर्शक याच वाळवंटात येत. सर्जिओ लिओनेचे घोडेस्वार इथेच दौडले. तेलाच्या भडक्यानंतर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने १९८०-८१ मध्ये इथे सौरऊर्जेच्या प्रयोगांसाठी ‘प्लाताफोर्मा सोलार दे आल्मेरिया’ उभं राहिलं. वर्षाकाठी तीन हजार तासांच्या आसपास ऊन, मग दुसरी जागा कशाला शोधायची? तिथे मनोरे होते, आरशांची रानं होती, सगळा भर विजेवर होता. तेल पुन्हा स्वस्त झाल्यावर त्या आरशांना काम कमी पडू लागलं.

१९९०मध्ये त्यांतले काही आरसे पाण्याच्या कामाला लावले गेले. हे पन्हळीसारखे वाकवलेले परवलयाकार आरसे दोन अक्षांवर फिरत सूर्याच्या मागे जात आणि त्याचे किरण मधल्या नळीवर एकवटत. नळीतून टायटॅनियम डायॉक्साइड मिसळलेलं गढूळ पांढरं पाणी वाहायचं. पहिल्या मोठ्या प्रयोगांमधलं प्रदूषक होतं पेंटाक्लोरोफिनॉल, लाकडाला कीड लागू नये म्हणून वापरलं जाणारं औषध. १९९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या आवारात दूषित भूजलावरही अशीच चाचणी झाली. दोन्हीकडे रसायन फुटलं. दोन्हीकडे हिशेब मात्र जुळला नाही.

कारण सूर्य एकवटणं हीच मुळात चुकीची दिशा होती. वीज किंवा वाफ हवी असेल तर किरण जितके दाट तितकं चांगलं. या भुकटीचं तसं नाही. उजेड फार वाढला की मोकळे झालेले इलेक्ट्रॉन काम करण्याआधीच आपल्या रिकाम्या जागी परत जाऊन बसतात. उजेड चौपट केला तर काम फार तर दुप्पट होतं. शिवाय ही भुकटी फक्त अतिनील किरण ओळखते आणि ते जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात चार-पाच टक्केच असतात. त्यांतलाही मोठा हिस्सा आकाशभर विखुरलेला असतो, आणि सूर्याकडे रोखून पाहणाऱ्या आरशाला तो पकडताच येत नाही. म्हणजे महागडी यंत्रणा उभारून अर्धा माल बाहेरच सोडून द्यायचा, असा तो व्यवहार होता.

तिथल्या खुलियान ब्लांको आणि सिक्स्तो मालातो यांच्या गटाने पुढच्या काही वर्षांत जे केलं ते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं काम आहे. त्यांनी आरशांची हुशारी कमी केली. शिकागोचे भौतिकशास्त्रज्ञ रोलंड विन्स्टन यांनी १९६०च्या दशकात अणुकणांच्या प्रयोगातला क्षीण प्रकाश गोळा करण्यासाठी आरशाचा एक खास आकार सुचवला होता. दोन वक्र पाकळ्यांच्या मधे नळी बसवली की कोणत्याही बाजूने आलेला उजेड फिरून फिरून नळीवरच येतो. आरसा हलवावा लागत नाही, मोटर लागत नाही, ढगाळ दिवशीही काम चालतं. या आकाराचे ॲल्युमिनियमचे स्थिर आरसे आणि त्यांत काचेच्या नळ्या, असा सांगाडा ताबेर्नासमध्ये रुळला. युरोपीय संघाच्या मदतीने १९९७ ते २००० या काळात चाललेल्या ‘सोलारडिटॉक्स’ प्रकल्पात असा एक संच माद्रिदजवळ आर्गांदा देल रे इथे प्रत्यक्ष कारखान्यात बसवलाही गेला.

आता अडचण उरली ती भुकटीची. काम झाल्यावर ते अतिसूक्ष्म कण पाण्यातून परत काढायचे कसे? काचेवर किंवा मण्यांवर चिकटवले तर पाण्याशी त्यांचा संपर्क कमी होतो आणि वेग पडतो. या प्रश्नावर लिहिलेल्या शोधनिबंधांची मोजदाद करणं कठीण आहे, आणि त्यांतले बहुतेक कपाटातच राहिले.

ताबेर्नासकरांनी इथेही जुनी वाट धरली. केंब्रिजमध्ये शिकत असताना हेन्री फेंटन यांना १८७६ साली दिसलं होतं की टार्टरिक आम्लात लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की विलक्षण रंग येतो. त्यांनी त्याचा सविस्तर अभ्यास १८९४मध्ये छापला. ही लोखंड-पेरॉक्साइडची क्रियाही हायड्रॉक्सिल रॅडिकलच तयार करते, हे हाबर आणि वाइस यांनी १९३४मध्ये मांडलं. लोखंड मात्र लवकर थकतं. एकदा रूप बदललं की पुन्हा मूळ रूपात यायला वेळ घेतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्रात जोसेफ पिग्नाटेलो यांनी १९९२मध्ये दाखवलं की उजेड पडला तर लोखंड भराभर मूळ रूपात येतं आणि क्रियेचा वेग खूप वाढतो. त्यांनी निवडलेली रसायनं २,४-डी आणि २,४,५-टी ही तणनाशकं होती, म्हणजे व्हिएतनामच्या जंगलांवर ओतलेल्या एजंट ऑरेंजचे दोन घटक. लोखंडाला उन्हातल्या अतिनील किरणांबरोबर दिसणाऱ्या उजेडाचाही काही भाग चालतो, ते पाण्यात विरघळतं, गाळायची कटकट राहत नाही.

मालातो आणि सहकाऱ्यांनी डाययुरॉन, इमिडाक्लोप्रिड, फॉर्मेटॅनेट आणि मेथोमिल या चार औषधांवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवून २००२मध्ये निकाल छापले. यांतलं इमिडाक्लोप्रिड विदर्भातल्या कापसाच्या शेतकऱ्यालाही चांगलं ठाऊक आहे. लोखंड सरळ जिंकलं. आणि २००४ साली आल्मेरियाच्या हरितगृहांच्या मधोमध, ला मोखोनेरा इथे, अल्बायदा नावाच्या कंपनीच्या आवारात दीडशे चौरस मीटर स्थिर आरशांचा संच उभा राहिला. गोळा केलेल्या बाटल्यांचे तुकडे करायचे, ते धुवायचे, धुतलेलं पाणी लोखंड आणि पेरॉक्साइड घालून नळ्यांतून फिरवायचं, आणि साफ झालेलं पाणी परत धुण्याला घ्यायचं. प्लास्टिक दुसऱ्या कामाला जायचं.

याच सुमारास भारतात पाण्यातली औषधं हा एकदम चव्हाट्यावरचा विषय झाला होता. फेब्रुवारी २००३मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने दिल्ली आणि मुंबईत विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्यात लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस सापडल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये शीतपेयांची पाळी आली. संसदेने शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली आणि तिने फेब्रुवारी २००४मध्ये अहवाल दिला. बाटलीबंद पाण्यासाठी एका औषधाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, आणि सगळी मिळून ०.५, असे युरोपीय आकडे स्वीकारले गेले. हा ०.१चा आकडा युरोपने १९८०मध्ये ठरवला तेव्हा तो विषाच्या अभ्यासातून आलेला नव्हता. त्या काळच्या उपकरणांना जेवढं कमीत कमी दिसू शकत होतं तेवढा तो होता. पाण्यात औषध नकोच, हे सांगण्याची ती एक रीत होती.

मुंबईत या विषयावर गंभीर काम चाललेलं होतं ते माटुंग्याला, यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत. धनंजय भातखंडे आणि विश्वास पानगरकर यांनी प्रकाश-उत्प्रेरकांवर २००२मध्ये लिहिलेला आढावा आणि पराग गोगटे व अनिरुद्ध पंडित यांनी सांडपाण्याच्या नव्या पद्धतींवर २००४मध्ये लिहिलेला दोन भागांतला आढावा हे जगभर वापरले गेले. भातखंडे-पानगरकरांनी एकवटलेल्या उन्हात नायट्रोबेंझिन फोडण्याचे प्रयोगही केले. आल्मेरियासारखा बाटल्यांचा प्रश्न समोर ठेवून मात्र ते झाले नव्हते, रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी हा त्यांचा रोख होता.

मग नदीचं किंवा विहिरीचं पाणी असं उन्हात का धुता येत नाही? पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात किरण काही सेंटिमीटरही आत जात नाहीत. विहिरीचं पाणी नितळ असलं तरी दख्खनच्या काळ्या कातळातून आलेल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल औषधाच्या रेणूपर्यंत पोचण्याआधी त्याच्यावरच खर्ची पडतं. औषध लिटरला मायक्रोग्रॅममध्ये, बायकार्बोनेट लिटरला शेकडो मिलिग्रॅममध्ये, मग दुसरं काय होणार? आल्मेरियात हे जमलं कारण तिथे विष एका आवारात, एका टाकीत, दाट स्वरूपात गोळा झालेलं होतं. ती गोळा करण्याची व्यवस्था नसती तर आरसे कितीही चांगले असून उपयोग नव्हता. फवारणीचा पंप ओढ्यात विसळला, की मग कोणतीही भुकटी आणि कोणतंही ऊन त्यामागे धावू शकत नाही.

आल्मेरियाच्या गोष्टीला २००६च्या अखेरीस वेगळंच वळण लागलं. जर्मनीत तिथल्या ढोबळ्या मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल हे बंदी असलेलं औषध सापडलं. मोठ्या दुकानांनी माल परत पाठवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं कृषी अधिकाऱ्यांनी सांगून जे झालं नव्हतं ते बाजाराने एका हंगामात केलं. मिरचीच्या हरितगृहांत किडी खाणारे मित्रकीटक सोडले जाऊ लागले, आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक सगळं मिरचीचं क्षेत्र त्यांच्याकडे वळलं. ढेकूणवर्गातला ओरियस फुलकिडे खातो, स्वर्स्कीआय नावाचा कोळी पांढऱ्या माशीची अंडी खातो. औषधाचा बाजार थोडा आक्रसला.

ताबेर्नासच्या लोकांनी तोवर आपलं लक्ष शहरांच्या सांडपाण्याकडे वळवलेलं होतं. प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीला द्यायचं तर त्यातले औषधगोळ्यांचे आणि कीटकनाशकांचे अंश काढावे लागतात. इथे आरसेही परवडत नाहीत. म्हणून आल्मेरिया विद्यापीठातले होसे आंतोनियो सांचेस पेरेस आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये शेवाळ वाढवण्याच्या तळ्यांची रचना उचलली. शर्यतीच्या मैदानासारखा लांबट वळसा असलेला, वीतभरही खोल नसलेला उघडा हौद, त्यात पाणी फिरवणारं एक चाक, आणि वरून ऊन. ना आरसा, ना काचेची नळी.

फेंटनच्या क्रियेला पाणी आंबट लागतं, सामू २.८च्या आसपास. शहराच्या लाखो लिटर पाण्यात आधी आम्ल आणि नंतर ते मारायला अल्कली घालणं कोणत्याच नगरपालिकेला झेपणारं नाही. म्हणून आता लोखंडाला धरून ठेवणारी, स्वतः पुढे विघटित होणारी सेंद्रिय आम्लं वापरली जातात. त्यामुळे लोखंड नेहमीच्या सामूलाही पाण्यात विरघळलेलं राहतं आणि पाणी हौदात पाऊणएक तास राहिलं तरी काम होतं. हे आम्ल लिटरमागे किती स्वस्त पडेल आणि फुटल्यावर पाण्यात कार्बनचा नवा भार किती टाकेल, यावर तिथे सध्या काथ्याकूट चालू आहे.